वरच्या माळावरची बारकी

माझे सासरे माझ्याशी बावीस वर्षं एक शब्द बोलले नाहीत, आणि मीही त्यांच्याशी नाही. भांडण नव्हतं. आमच्याकडे रीतच तशी. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. तर मामांसमोर सुनेनं पदर ढळू द्यायचा नाही आणि थेट बोलायचं नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला चुलीजवळ बसवून सांगितलं, "त्यांच्याम्होरं त्वांड उघडायचं न्हाई. काय आसंल ते मला सांग, मी पोचवते." माझं माहेर कर्जतकडचं, कोरडवाहू. तिकडं पाणी कमी आणि बायकांच्या जिभेला धार जास्त. मला वाटलं, हे टिकेल फार तर महिनाभर.

टिकलं. माणसाला कशाचीही सवय होते. मामांना चहा हवा असला की ते ओसरीवरच्या खांबाला सांगायचे, "च्या झाला आसंल तर बरं व्हईल." मी आतून पातेलं आपटलं की समजायचं, होतोय. सासूबाई गेल्यावर निरोपांचं हे काम माझ्या मुलीकडं आलं. ती तेव्हा जेमतेम दहा वर्षांची. "आबा, आई म्हणती गोळी घेतली का?" "सांग तुझ्या आईला, घेतली." आम्ही दोघं एकाच खोलीत, तीन हातांवर, आणि ही पोर मध्ये उभी राहून मान इकडून तिकडं फिरवणार. कधीकधी हसू यायचं. पण काम अडत नव्हतं, आणि जे अडत नाही ते कुणी बदलायला जात नाही.

आमची जमीन श्रीगोंद्याच्या वरच्या अंगाला, जिथून पारनेरचं पठार चढायला लागतं तिथं. खाली काळ्या रानात ऊस आणि मामांची खायची द्राक्षं. गावात द्राक्षाचा पहिला मांडव त्यांनी घातला; लोक बघायला यायचे म्हणे. पुढं एका कंपनीनं वाइनची द्राक्षं लावायला सांगितली. आमच्यासारख्या कितीकांनी लावली, आणि दोन-चार वर्षांत कंपनीनं माल उचलायचं बंद केलं. तेव्हा माझ्या नवऱ्यानं लायसन काढून घरचंच शेड उभं केलं. चार स्टीलच्या टाक्या, एक द्राक्षं पिळायचं यंत्र, बास. मामा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ आणि दारात वाइनच्या टाक्या. "द्राक्षं माझी, फुडचं तुझं," एवढं ते मुलाला म्हणाले आणि त्या शेडमध्ये त्यांनी कधी पाय ठेवला नाही.

नवरा माणूस चांगला, पण विक्रीसाठी सदा टेम्पोवर. त्यामुळे वाइन करायचं काम हळूहळू माझ्या गळ्यात पडलं. बारावी सायन्स आणि नाशिककडचा पंधरा दिवसांचा कोर्स, एवढं माझं भांडवल. चाखावं लागतं, चाखते आणि थुंकते. गावात सांगताना थुंकते हे आधी सांगते.

त्या कोर्सला शेवटच्या दिवशी एका बाईंनी आम्हाला थंड मुलखातल्या काळ्या द्राक्षाची वाइन दिली. पिनो न्वार म्हणतात त्या द्राक्षाला. रंग फिका, डाळिंबाच्या रसासारखा, आणि वास असा की मी ग्लास खालीच ठेवेना. ती मी थुंकले नाही. एस्टीनं परत येताना माझ्या डोक्यात एकच होतं: आमचा वरचा माळ. दोन एकर, मुरमाड, वाऱ्यावरचा. जानेवारीत तिथं सकाळी तोंडातून वाफ निघते आणि खाली घरी आलं की लोक नुसत्या सदऱ्यावर. तिथं कुसळाशिवाय काही येत नव्हतं. मला ती वेल तिथं लावायचीच होती. आजवर या घरात मी जे काही केलं ते दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यातून निघालेलं होतं. हे माझ्या डोक्यातलं पहिलं.

मुलीमार्फत निरोप गेला. मामांनी आठ दिवस उत्तर दिलं नाही. मग एके दिवशी ओसरीवर भावकीतली चार माणसं बसलेली असताना त्यांनी नातीला हाक मारली. मी दाराआड होते. "सांग तुझ्या आईला. वरचा माळ दिला. पीक धराया लागलं की तीन साल. तिसऱ्या पाडव्याला मी इचारनार. जमलं आसंल तर ऱ्हाईल, न्हाईतर समदी काढायची आन् खायची द्राक्षं लावायची." माणसांनी माना हलवल्या. मामांनी चार माणसांत शब्द दिला म्हणजे तो दगडावर कोरल्यागत. आजवर त्यांनी एकदाही फिरवलेला नाही, स्वतःच्या सख्ख्या भावासाठीसुद्धा नाही.

द्राक्षाचं नाव कुणाच्या तोंडात बसेना. मणी करवंदाएवढा, म्हणून कामाच्या बायका तिला बारकी म्हणायला लागल्या. मामा पहिल्या वर्षी घड हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले आणि पोरीला म्हणाले, "दात कोरून प्वाट भरतं का कुटं?" पहिल्या हंगामात मी पावसाच्या भीतीनं लवकर तोडली, वाइन इतकी आंबट झाली की नवऱ्यानं तोंड वाकडं करून टाकीकडं पाठ फिरवली. दुसऱ्या हंगामात निम्मी साळुंक्यांनी खाल्ली, आणि उरलेलीचं आंबणं टाकीत अर्ध्यावर अडकून तिला उकडलेल्या अंड्याचा वास सुटला. दोन्ही टाक्या ओतून दिल्या. राहिला तिसरा हंगाम, म्हणजे यंदाचा.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. वाइनच्या द्राक्षाला तोडणीआधी दोन-तीन आठवडे ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडावं लागतं. पानं जरा पिवळी पडतात, मणी आक्रसतो, आणि गोडी, रंग, वास सगळं त्या एवढ्याशा मण्यात आटून येतं. खायच्या द्राक्षाचं बरोबर उलटं. तिथं तोडणीच्या तोंडावर पाणी द्यायचं, मणी फुगवायचा, वजन आणायचं. मामांनी पस्तीस वर्षं तेच केलं. पहिल्या दोन्ही वर्षी मुलीनं त्यांना निरोप दिला होता, "आबा, आई म्हणती वरचं पाणी बंद." त्यांनी बंद ठेवलं. का, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सासऱ्यांना शेती शिकवणारी सून आमच्या गावात अजून जन्मायची होती.

यंदा मुलगी कॉलेजला पुण्याला गेली. घर गप्प झालं. फेब्रुवारी लागला तसा मी वर जाऊन ड्रिपचा कॉक माझ्या हातानं बंद केला आणि खाली आले. निरोप न्यायला कुणी नव्हतं, आणि मला वाटलं, तिसरं वर्ष आहे, एवढं तर कळत असेलच.

रोज सकाळी मी गोडी मोजायची नळी घेऊन वर जायची. मणी दाबायचा, नळीच्या काचेवर एक थेंब टाकायचा, डोळ्याला लावून आकडा बघायचा. मला तेवीस हवे होते. एकोणीस, वीस, साडेवीस, साडेएकवीस. दोन वर्षांत पहिल्यांदाच सगळं सुरळीत चाललं होतं. पक्ष्यांसाठी जाळी घातली होती. आभाळ निरभ्र. त्याच आठवड्यात एक्साइजच्या कागदांसाठी नगरला बोलावणं आलं. एका दिवसाचं काम होतं, साहेब नव्हते म्हणून दोन दिवस लागले. रात्री मावसबहिणीकडं राहिले. झोपताना डोळ्यांसमोर साडेएकवीस.

दुसऱ्या दिवशी दुपारी एस्टीतून उतरले ती घरी न जाता सरळ वर. पहिल्या ओळीत पाय टाकला आणि चप्पल रुतली.

माती काळीशार झाली होती. मला आधी कळेचना. पाइप फुटला असं वाटलं, म्हणून मी कॉककडं पळाले. कॉक पुरता उघडा. घड टम्म फुगलेले. बारकीचा घड मुळात गच्च असतो, मणी एकमेकांत चेपलेले. त्यात पाणी शिरल्यावर जागा कुठली? काही मणी तडकले होते आणि त्यांवर गांधीलमाश्या बसल्या होत्या. मी नळी काढली. साडेएकोणीस. दुसऱ्या वेलीचा घेतला. एकोणीस. म्हणजे दोन दिवसांत पंधरा दिवसांची गोडी गेली.

गवत काढणाऱ्या दोघी जणी बांधावर होत्या. "पाणी कुणी सोडलं?" मी विचारलं.

"मामांनी की," एक म्हणाली. "काल दिसभर, आन् आजबी. दिवसाची लाईट हाय ना."

तेवढ्यात मामाच खालून चढून आले. हातात विळा. माझ्याकडं न बघता त्यांनी एक घड तळव्यावर तोलला आणि त्या बाईला म्हणाले, "आता कसं दिसतंय. जरा जीव आला." आणि त्यांच्या तोंडावर समाधान होतं. ते समाधान बघितलं आणि माझं डोकं फिरलं.

"तुमाला ही बाग मारायचीच हुती ना?" मी म्हणाले. "मग कुऱ्हाड घालायची सरळ. पानी घालून कशाला मारता?"

बावीस वर्षांतलं माझं त्यांच्याशी पहिलं बोलणं ते. पदर कुठं होता देव जाणे. त्या दोघी खाली मान घालून गवत उपटू लागल्या, नव्हतं तिथलंसुद्धा. मामांनी माझ्याकडं बघितलं. सरळ, डोळ्यांत. मग त्यांनी विळा धोतराला पुसला, कॉकपाशी जाऊन तो बंद केला आणि उताराला लागले. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड. आईनं त्यासाठी कितीदा चिमटे काढले असतील. पण त्या वेळी मला काही पश्चात्ताप वगैरे झाला नाही. मला नुसता राग होता, आणि रागाच्या खाली भीती. मी त्या ओल्या मातीत बसून रडले.

संध्याकाळी मामा अर्धी भाकरी खाऊन उठले. नवऱ्याला गावातच बातमी लागली होती. तो ताटावर बसून म्हणाला, "अगं, त्यांनी मुद्दाम केलं असं वाटतं तुला?"

"मला काय वाटतं ते ऱ्हाऊ द्या. तुमी विचारा त्यांना."

"मी नाही बाबा विचारणार," तो म्हणाला. आणि खरंच नाही विचारलं. घरातला कर्ता पुरुष.

सकाळी मी शेडमध्ये टाक्या धुवत होते. कशासाठी धूत होते कुणास ठाऊक. मुलीचा फोन आला.

"आबांचा फोन आला होता मला," ती म्हणाली. "तू काय बोललीस त्यांना?"

"त्यांनी काय केलं ते नाही सांगितलं?"

"सगळं सांगितलं. ते म्हणाले, दोन साल वेल उपाशी ठेवली आणि दोन्ही साली फसली. यंदा कुणी पाणी बंद म्हटलं नाही. कॉक बंद दिसला तर त्यांना वाटलं, पोरगी घरात नाही, आईचं ध्यान नाही, विसरली असेल. पानं पिवळी पडत होती. पाडवा तोंडावर. बाग फसली तर मलाच काढावी लागेल म्हणाले, शब्द देऊन बसलोय. म्हणून पाणी दिलं." ती थांबली. "आई, ते बाग वाचवायला गेले होते."

मी हातातला ब्रश खाली ठेवला. पाण्याची नळी तशीच वाहत होती. मला काय वाटलं ते सांगायचं तर लाज वाटली, सपशेल. आणि लाज वाटत असतानाही राग गेला नव्हता, कारण आकडा साडेएकोणीसच होता.

"बरं, तू त्यांना सांग—" मी सुरू केलं.

"मी नाही सांगणार. तुम्ही दोघं एका घरात राहता आणि निरोप पुण्यावरून फिरवता. माझं प्रॅक्टिकल आहे, मी चालले." तिनं फोन ठेवला. कार्टी माझ्यावरच गेली आहे.

मी ओसरीवर गेले. मामा बाजेवर बसले होते, हात गुडघ्यांवर, नुसते. माफी मागायची म्हणून गेले होते, पण तोंडातून निघेना. शेवटी मी त्यांच्याच पद्धतीनं केलं. खांबाकडं तोंड केलं आणि खांबाला सांगितलं, "डाळिंबाचा बहार धरताना पानी तोडत्यात ना, तसाच ताण ह्या वेलीला तोडणीआधी लागतो. मंग गोडी आत येती. उपाशी मारायची म्हणून न्हवतं बंद केलं."

आमच्याकडं दहा वर्षं डाळिंब होतं, रोगानं जाईपर्यंत. ताण म्हणजे काय हे त्या माणसाला माझ्या तिप्पट कळत होतं. मी दोन वर्षं नुसतं 'बंद करा' सांगत राहिले, आणि हे एक वाक्य सांगितलं नाही. मामाही खांबालाच म्हणाले, "हे आधी कुनी बोललं आसतं तर." आणि थोड्या वेळानं, "बोद उघडावं लागतील."

बोद म्हणजे वेलींच्या बुंध्याशी मातीचा जो लांब वरंबा असतो तो. डाळिंबाला ताण देताना तो खोदून मुळांवरची माती बाजूला करतात, म्हणजे ऊन आत शिरतं आणि ओल लवकर उडते. दोन एकरांचे बोद. मामा चौऱ्याहत्तर वर्षांचे. त्याच दुपारी ते कुदळ घेऊन वर गेले. मी गडी लावले होते तरी पहिली ओळ त्यांनी स्वतः उघडली, मुळाला कुदळ न लागू देता, शेवटी शेवटी तर हातानं माती काढत. मी आणि चार बायका मागून घडांभोवतीची पानं काढत होतो आणि तडकलेला एकेक मणी कात्रीनं कापत होतो. गच्च घडातला एक मणी काढायचा म्हणजे शेजारचा फुटतो. पहिल्या दिवशी दोन ओळी झाल्या. मी ओरडले बायकांवर, विनाकारण. मामा शेजारच्या ओळीतच होते.

आणि मग आभाळ. चौथ्या दिवशी पश्चिमेला पांढरा पट्टा आला, दुपारी तो राखाडी झाला. मोबाईल रविवारी पाऊस दाखवत होता. आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास. आकडा मात्र मुंगीच्या पावलानं चढत होता. वीस. पुन्हा वीस. साडेवीस. आता तोडली तर पहिल्या वर्षासारखी आंबट. थांबले आणि पाऊस पडला तर उरलेले मणी तडकणार, बुरशी धरणार, आणि मग टाकीत घालायलाही काही नाही. चुकायला जागाच नव्हती. जेवतानाही मी मोबाईलवर आभाळच बघत बसायची. नवरा म्हणाला, "होईल ते होईल." मी त्याला म्हटलं, असं परत म्हणालात तर ताट उचलून नेईन.

शनिवारी सकाळी मी वर गेले तेव्हा मामा माझ्याआधी तिथं होते. नळीत एकवीस. वारा पडला होता आणि जाळीवर एक पक्षी नव्हता, हे लक्षण चांगलं नाही. मी मधल्या ओळीत उभी राहिले. मला ठरवता येईना. या बागेचं मी कुणाला काही विचारलं नाही, स्वतःच्या डोक्यानं केलं म्हणून मिरवलं, आणि आता डोकं चालत नव्हतं.

मामांनी एक मणी तोडून तोंडात टाकला. सावकाश चावला. मग बिया तळहातावर थुंकल्या आणि तो हात माझ्यापुढं धरला. चार बिया. तीन तपकिरी, एकीचं टोक जरासं हिरवट.

"मामा," मी म्हणाले, खांबाला नाही, त्यांना, "आज तोडू का उद्या बघू?"

ते वेलीकडं बघूनच बोलले. "बी पिकलं. येलीचा शेंडा वाढायचा थांबला. आता वेल काय देनार न्हाई. आभाळ मातर देईल."

मी सगळ्यांना फोन लावले. खालच्या मांडवात त्या दिवशी मामांच्या खायच्या द्राक्षांची तोडणी ठरलेली होती. व्यापाऱ्याची गाडी येणार होती, माणसं तिकडं निघाली होती. मामांनीच खाली जाऊन ती सगळी वर आणली. मला वाटलं, दुपारपर्यंत होईल आणि मग माणसं खाली जातील. नाही झालं. बारकी तोडायला वेळ खाते. दिवस मावळेपर्यंत क्रेट भरत होतो. शेवटचा क्रेट टेम्पोत चढला तेव्हा वीज चमकायला लागली होती.

रविवारी पहाटे पाऊस आला, आणि दहा मिनिटं गारा. आमची बारकी शेडमध्ये टाकीत सुखरूप होती. खालच्या मांडवातले मामांचे घड, पस्तीस वर्षांचा ज्यांचा मान, ते एका रात्रीत गेले म्हणा ना. जे उरले ते तडकलेले. व्यापारी बघून गेला, परत आला नाही. मामा एकटे मांडवाखाली दोन तास उभे होते. घरी आले, खांबाकडं चहा मागितला, प्याले. या विषयावर त्यांनी ना मुलाला काही म्हटलं, ना नातीला. मी रोज वाट बघत होते की म्हणतील. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

पाडव्याला गुढी उभारली. कडुलिंब खाल्ला, साखरगाठी झाल्या. नवरा पाहुण्यांना सोडायला गावात गेला. मी शेडमध्ये होते. दारात सावली पडली म्हणून बघितलं तर मामा. त्यांनी चपला बाहेर काढल्या, देवळात जावं तसं, आणि आत आले. आयुष्यात पहिल्यांदा.

कशाला आलेत ते मला ठाऊक होतं. मी बारकीच्या टाकीचा नळ सोडून स्टीलच्या पेल्यात थोडी घेतली आणि त्यांच्या हातात दिली. माळ असल्यामुळे ते पिणार नव्हतेच. त्यांनी पेला नाकाजवळ नेला, बराच वेळ वास घेतला.

"कशी झालीया?" ते म्हणाले.

मागं-पुढं बघितलं मी. तिथं नात नव्हती, खांब नव्हता, कुणी नव्हतं. मला विचारत होते.

तिथं मला खोटं बोलता आलं असतं. कुणाला कळणार होतं? या माणसानं जन्मात वाइन चाखलेली नाही. 'चांगली झाली' एवढं म्हटलं की बाग वाचली, शब्दही राखला गेला, आणि त्यांच्या मनावरचं ओझंही उतरलं. ती नाकाला खरंच चांगली होती, त्या नाशिकच्या ग्लासातल्यासारखी, जवळजवळ. पण जिभेवर ठेवली की मध्येच संपत होती. पाण्यानं तिचं अंग गेलं होतं. शब्द माझ्या ओठांवर आला होता, चांगली झाली. पण त्यांचा सगळा मांडव माझ्यापायी गेला आणि ते एक अक्षर बोलले नव्हते. त्या माणसाला कसं फसवायचं?

"पातळ झाली, मामा," मी म्हणाले. "वास हाय. पण पातळ हाय."

"माझ्या पान्यानं?"

"न्हाई. मी तुमाला सांगितलं न्हाई, त्यानं."

त्यांनी पेला टाकीच्या कठड्यावर ठेवला. मला डोळ्यांसमोर वरच्या माळावर जेसीबी दिसत होता.

"चार माणसांत बोललोय मी, तीन साल म्हनून," ते म्हणाले. "त्यांना आज सांजच्याला बोलावतो आन् सांगतो. ह्ये साल धरायचं न्हाई. ह्ये माझ्या हातनं गेलं, तुझ्या न्हाई."

मी मान हलवली.

ते दारापाशी गेले, वाकून चपला घातल्या, आणि तसेच वाकलेले असताना म्हणाले, "फुडल्या साली पानी तोडायचं आसंल तवा सांग. पोरीला नगं. मला सांग."

मी "व्हय" म्हणाले. ते गेले, आणि मी तो पेला उचलून आतली सगळी पिऊन टाकली.